अ फेअरवेल टू आर्म्स (१९३२): दोष प्रिंटचा, काळाचा की सिनेमाचाच?

कवडसा

१९३० ते १९३४ या काळात हॉलिवूडची निर्मिती संहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं नि काय नाही याची नियमावली, कागदावर होती, पण तिचा बडगा अजून उगारलेला नव्हता. त्या चार वर्षांतले प्रेमपट ओळीने पाहायला घेतले की 'अ फेअरवेल टू आर्म्स' टाळून पुढे जाता येत नाही. पॅरामाउंटची निर्मिती, दिग्दर्शक फ्रँक बोरझेगी, कथा हेमिंग्वेची, पहिल्या महायुद्धात इटलीच्या फौजेत रुग्णवाहिकेवर असलेला अमेरिकन फ्रेडरिक म्हणजे गॅरी कूपर, त्याची प्रेयसी नर्स कॅथरीन म्हणजे हेलन हेज, आणि फ्रेडरिकचा मित्र, सर्जन रिनाल्डीच्या भूमिकेत अडॉल्फ मेंजू. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण अशी दोन ऑस्कर, शिवाय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन. एवढं सगळं असूनही सिनेमा संपल्यावर हाती फार थोडं उरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आक्षेप असे:

प्रेम जमतं कधी ते कळतच नाही. हवाई हल्ल्याच्या रात्री आडोशाला झालेली ओळख, मग बागेतली एक रात्र, की लगेच जन्मोजन्मीचं नातं. कादंबरीत फ्रेडरिक सुरुवातीला कॅथरीनशी खेळतोय हे वाचकाला ठाऊक असतं आणि खुद्द कॅथरीनलाही ते कळतं. सिनेमात ही पायरीच गाळली आहे.

दुसरं, पत्रांची भानगड. दोघांची ताटातूट युद्धामुळे व्हायला हवी. इथे ती रिनाल्डी पत्रं अडवतो म्हणून होते.

तिसरं, शेवट. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेली कॅथरीन, खिडकी, पाखरं, शांतता झाल्याच्या घंटा आणि वर वाग्नरचं संगीत. हेमिंग्वेने शेवटच्या पानावर एका माणसाला पावसात चालत हॉटेलकडे पाठवलं आणि पुस्तक मिटलं. त्यावर एवढं सगळं रचायची गरज नव्हती.

जाणकारांना विचारायचं आहे ते हे: नेटवर ज्या प्रती फिरतात त्या निरनिराळ्या लांबीच्या आहेत. माझा आक्षेप सिनेमावर आहे की कापलेल्या प्रतीवर? पाहायची तर कोणती प्रत पाहावी?

रीळ क्रमांक सात

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यावर बाकीचं बरंच ठरतं.

१९३२ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला सिनेमा सुमारे ८९ मिनिटांचा होता. १९३८ मध्ये पॅरामाउंटने तो पुन्हा थिएटरात आणला तेव्हा संहिता कडक झाली होती, म्हणून कापून सुमारे ७८ मिनिटांचा केला. फरक ११ मिनिटांचा. ३५ मिमी फिल्म बोलपटाच्या वेगाने मिनिटाला ९० फूट धावते. म्हणजे हजार फुटांचं एक आख्खं रीळ गेलं. एकूण लांबीच्या आठव्या हिश्श्याएवढं.

त्यानंतर कित्येक दशकं लोकांनी पाहिली ती ही कापलेली आवृत्ती. न कापलेली आवृत्ती १९९९ मध्ये डीव्हीडीवर आली, ती निर्माता डेव्हिड सेल्झनिकच्या संग्रहात सापडलेल्या नायट्रेट (जुन्या ज्वालाग्राही फिल्मवरच्या) प्रिंटवरून. सेल्झनिककडे ती असण्याचं कारण म्हणजे १९५७ मध्ये त्याने याच कादंबरीवर पुन्हा सिनेमा काढला होता.

अमेरिकेत या सिनेमाचा कॉपीराइट १९६० मध्ये नूतनीकरण न झाल्यामुळे संपला. त्यामुळे कुणीही कुठलीही प्रत काढून विकू शकतो, चढवू शकतो. चांगली प्रत शोधणं अवघड झालं ते यामुळेच. हक्क कुणाचेच नाहीत, म्हणून जपणूक कुणाची जबाबदारी नाही.

हातातली प्रत तपासायची तर:

आधी लांबी पाहा. ८८-८९ मिनिटं असेल तर पूर्ण. ७८ च्या आसपास असेल तर १९३८ ची.

८५ मिनिटं दिसली तर लगेच कापलेली समजू नका. युरोपातल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी (फ्रेम) धावतात. ८९ ला २४ ने गुणून २५ ने भागा, साधारण साडेपंच्याऐंशी येतात. तेव्हा ८५ ची प्रत पूर्णही असू शकते, फक्त पळवलेली. त्याच हिशोबाने ७८ ची प्रत ७५ होते. पळवलेल्या प्रतीत आवाजाचा सूर सुमारे ४ टक्क्यांनी चढतो. कूपरचा खर्ज पातळ लागला की समजावं.

श्रेयनामावलीही बघा. जुलै १९३४ नंतर संहितेखाली मंजूर झालेल्या सिनेमांवर मंजुरीचा क्रमांक असतो. १९३२ च्या मूळ प्रतीवर तो असणं शक्य नाही.

सोनचाफा

८९ मिनिटांचीच पाहा, याला माझाही दुजोरा. पण ती पाहूनही कवडसा यांचे पहिले दोन आक्षेप उरतातच. कात्रीने गेलेल्या ११ मिनिटांत पत्रांची भानगड सुटत नाही.

ध्वनिपट्टी

प्रतीबद्दल थोडी भर. लांबी बरोबर असली तरी तीन गोष्टींनी सिनेमा मारला जातो.

पहिली, चौकट. १९३२ च्या सुमाराला पडद्याचं प्रमाण १.३७ ला १ असं ठरत आलं होतं. आजच्या रुंद पडद्यावर 'भरून' दाखवण्यासाठी वरून-खालून कापलेल्या प्रती असतात. त्यात चित्राच्या उंचीतला २३ टक्के भाग जातो. या सिनेमात ते विशेष बाधतं. नायक १९० सेंमी, नायिका १५२ सेंमी. दोघं उभी असतील आणि वर-खाली कात्री लागली तर एकाचं कपाळ तरी जातं नाहीतर दुसरीचे हात.

दुसरी, संगणकाने चौकटी वाढवून ६० केलेल्या आणि रंग भरलेल्या प्रती. चार्ल्स लँगला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं ते धुरकट, मऊ, काठ विरघळलेल्या प्रकाशासाठी. कृत्रिम चौकटींत हालचाल तेलकट होते आणि फिल्मचा दाणा (ग्रेन) पुसला जातो. मग त्या प्रकाशाचं काही शिल्लक राहत नाही.

तिसरी आवाजाची. जुन्या प्रकाशीय ध्वनिपट्टीत खरखर असतेच. ती घालवायला गाळणी जोरात लावली की वरचे स्वर जातात, 'स' आणि 'श' बोथट होतात. हेलन हेज रंगभूमीवरची अभिनेत्री. तिचे शब्द टोकदार आहेत. ते बोथट झाले की ती रडवेली वाटते. खरखर असलेली प्रत निवडा. पाच मिनिटांत कान सरावतो.

मावळतीचा वारा

कवडसा, शेवटाबद्दल तुमच्याशी सहमत नाही. बोरझेगी हेमिंग्वे नाही, तो बोरझेगी आहे.

त्याचा १९२७ चा 'सेव्हन्थ हेवन' आठवा. पहिल्याच ऑस्कर समारंभात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं ते त्यासाठी. तिथेही युद्धाने दुरावलेली जोडी आहे, ठरलेल्या वेळी दोघं मनाने एकमेकांना भेटतात आणि युद्धविरामाच्या जल्लोषात आंधळा झालेला नायक जिने चढून वर येतो. 'फेअरवेल'चा शेवट त्याच धाग्यातला आहे. या दिग्दर्शकाच्या जगात प्रेम ही भक्तीच. माणसं एकत्र असोत नसोत, मरोत वा जगोत, ती एकमेकांपाशी पोचतात. त्याने हेमिंग्वेची गोष्ट घेतली आणि आपल्या श्रद्धेत बसवली. तिथे चादर, घंटा, वाग्नरच येणार.

आणि त्या 'सगळ्या रचण्या'तला एक प्रसंग तरी लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमधल्या ब्रिसागोला एकटी राहणारी कॅथरीन फ्रेडरिकला पत्र लिहिते. खोली किती सुंदर आहे, सामान किती छान आहे, हे ती वाचत जाते आणि कॅमेरा हळूहळू कळकट भिंती आणि मोडकं सामान दाखवत जातो. एक शब्द जास्तीचा नाही. तिची गरिबी, तिचा स्वाभिमान, त्याला काळजी लागू नये ही धडपड, सगळं एका हालचालीत. हा प्रसंग कादंबरीत नाही. बोरझेगीचा आहे. सबंध सिनेमा निराशाजनक म्हणताना याचं काय करायचं?

टेकडीवरून

@मावळतीचा वारा, तो प्रसंग अप्रतिम आहे हे मान्य. पण तो का लागला ते पाहा. कॅथरीन ब्रिसागोला एकटी आहे म्हणून. ती एकटी का? कारण पटकथेने दोघांना तोडलं.

कादंबरीचे पाच भाग आहेत. तिसऱ्यात माघार, चौथ्यात स्त्रेसाहून रात्री होडी वल्हवत स्वित्झर्लंड गाठणं, पाचव्यात तिथला हिवाळा. ती होडी दोघांची आहे. सुमारे ३५ किलोमीटरचं पाणी, पाऊस, छत्रीचं शीड करण्याचा प्रयत्न, आणि गरोदर कॅथरीन मध्येच वल्ही घेते. मग डोंगरातले काही महिने, जिथे दोघांना जगाशी काही देणंघेणं नाही. मृत्यूचा घाव बसतो तो या दिवसांमुळे. आधी संसार दिला, मग काढून घेतला.

सिनेमात मिलानच्या हॉस्पिटलनंतर दोघं थेट मृत्युशय्येवर भेटतात. मधला सगळा काळ ती तिकडे पत्रं लिहितेय, तो इकडे शोधतोय, होडीही तो एकटाच वल्हवतो. म्हणजे प्रेमपटाच्या उत्तरार्धात प्रेमिक एका चौकटीत नाहीत. लेखक बेंजामिन ग्लेझर आणि ऑलिव्हर गॅरेट यांनी केलेली ही मोडतोड आहे. दिग्दर्शकाने तिच्यातून एक सुंदर प्रसंग काढला म्हणून मोडतोड योग्य ठरत नाही.

सोनचाफा

+१. होडी हे नेमकं बोललात.

निळी शाई

सिनेमातून युद्ध गायब झालं त्याचं कारण कलात्मक कमी, व्यापारी जास्त आहे. सुरुवातीची पाटी नीट वाचा. विजय आणि पराभव प्रत्येक राष्ट्राच्या वाट्याला आले, पण गौरवाच्या यादीत मार्न आणि पियावे ही दोन नावं ठळक कोरली आहेत, अशा आशयाचं वाक्य आहे. पियावे ही इटालियन सैन्याने धरून ठेवलेली नदी. म्हणजे ज्या कादंबरीचा कणा कापोरेत्तोची माघार, इटालियन सैन्याची मोठी पीछेहाट, आहे, तिच्यावरच्या सिनेमाची सुरुवात इटलीची मनधरणी करून होते. तेव्हा इटलीत मुसोलिनीची राजवट होती आणि तिथली बाजारपेठ हॉलिवूडला गमवायची नव्हती.

याचा परिणाम थेट कथेवर. कादंबरीत फ्रेडरिक पळतो कारण तालियामेंतो नदीच्या पुलापाशी लष्करी पोलीस माघारीतल्या अधिकाऱ्यांना वेगळं काढून गोळ्या घालत असतात आणि पुढचा नंबर त्याचा असतो. तो नदीत उडी टाकतो. शस्त्रांना निरोप दिला तो तिथे. सिनेमात इटालियन फौजेने स्वतःच्याच अधिकाऱ्यांना मारताना दाखवणं शक्य नव्हतं. मग पळायला दुसरं कारण हवं. ते काय? तिची पत्रं येत नाहीत. पत्रं का येत नाहीत? रिनाल्डी अडवतो. कवडसा यांना खटकलेली पत्रांची भानगड अशी या पाटीपासून सुरू होते. एक खिळा काढला आणि त्या जागी चार पाचरी ठोकाव्या लागल्या, तसं झालंय.

यात मेंजूच्या रिनाल्डीचीही वाट लागली. पुस्तकातला रिनाल्डी थकलेला, हुशार, मित्रावर जीव टाकणारा सर्जन आहे. सिनेमात त्याला आधी मत्सरी आणि मग पश्चात्तापी व्हावं लागतं, कारण ब्रिसागोचा पत्ता शेवटी त्यानेच सांगायचा असतो. मेंजू चांगला नट. पण या दोन टोकांना जोडणारा एकही प्रसंग त्याला दिलेला नाही.

तारखांचाही घोळ आहे. कापोरेत्तो ऑक्टोबर १९१७ चं. इटली आणि ऑस्ट्रिया यांचा युद्धविराम नोव्हेंबर १९१८ च्या सुरुवातीला. कादंबरीत कॅथरीन १९१८ च्या वसंतात जाते, म्हणजे युद्ध चालू असतानाच. सिनेमाला मृत्यूबरोबर घंटा हव्या होत्या. माघार कापोरेत्तोची धरली तर बाळंतपण वर्षभर लांबतं. पाटीवर कापोरेत्तो टाळण्याचा हाही एक उपयोग झाला.

कवडसा

@निळी शाई, पाटी ते पत्रं ही साखळी माझ्या लक्षात आली नव्हती. आभार. म्हणजे इथे संहितेपेक्षा परदेशी बाजारपेठेचा दबाव जास्त?

निळी शाई

दोन्ही. संहितेचाही हात आहे, फक्त वेगळ्या जागी. संहिता मार्च १९३० मध्ये स्वीकारली गेली. अंमलबजावणी सल्ल्यापुरती होती, आधी जेसन जॉय आणि १९३२ च्या अखेरीपासून जेम्स विंगेट यांच्याकडे. जुलै १९३४ मध्ये जोसेफ ब्रीनच्या हाती कारभार आला, तेव्हा मंजुरीशिवाय सिनेमा लावला तर २५,००० डॉलर दंड अशी तरतूद झाली. शिवाय न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, ओहायो अशा राज्यांची स्वतःची सेन्सॉर मंडळं होतीच, ती संहितेच्याही आधीपासून. १९३० ते ३४ या काळाला 'सेन्सॉरपूर्व' म्हणतात, पण तेव्हा मोकळं रान होतं असं कधीच नव्हतं.

या सिनेमात संहितेची सावली हॉस्पिटलच्या खोलीत दिसते. जॅक ला रू हा धर्मगुरू झाला आहे. दोघांच्या समोर तो विवाहाचे शब्द पुटपुटतो. कायद्याने ते लग्न नाही, पण प्रेक्षकाच्या मनाची सोय होते. कादंबरीत असं काही नाही. तिथे दोघं स्वतःला नवराबायको म्हणवतात, इतकंच. बाळंतपणाचं दृश्य तर संहितेने सावलीतूनही दाखवायला मनाई केली होती. म्हणून प्रसूतीचा सगळा भाग दारं, दिवे, नर्सांचे चेहरे आणि कॅथरीनचा चेहरा यांच्यावर चालतो.

मावळतीचा वारा

धर्मगुरूचा प्रसंग सोयीचा म्हणून सोडून देऊ नका. तो म्हातारा नाही, अवघडलेला तरुण पाद्री आहे, आणि नियम मोडतोय हे माहीत असूनही शब्द उच्चारतो. बोरझेगीला हे असंच आवडतं. लग्न चर्चमध्ये नाही, पलंगाशेजारी लागतं. त्याच्या १९३३ च्या 'मॅन्स कॅसल'मध्येही बेकारांच्या झोपड्यांत असंच. गंमत म्हणजे तोही १९३८ मध्ये कापून पुन्हा लावला गेला आणि लग्नाचा प्रसंग उचलून अलीकडे आणला, म्हणजे आधीचं सहजीवन पवित्र ठरावं.

रीळ क्रमांक सात

'मॅन्स कॅसल'चं उदाहरण बरोबर. त्या काळच्या पुनर्प्रदर्शनांत खरं नुकसान कशाने होई तेही सांगतो. कात्री नुसत्या प्रिंटला लागली तर मूळ निगेटिव्ह सुरक्षित राहतं. पण स्टुडिओ बहुतेकदा निगेटिव्हच कापत, कारण नव्या प्रिंट त्यावरूनच निघणार. कापलेले तुकडे ठेवायची पद्धत नव्हती. मग मूळ आवृत्ती मिळायची ती फक्त १९३४ च्या आधी निघालेली एखादी प्रिंट कुठे परदेशात किंवा खासगी संग्रहात राहिली असेल तरच. मामूलियनच्या 'लव्ह मी टुनाइट'चे कापलेले भाग आजवर मिळालेले नाहीत. 'फेअरवेल' त्या मानाने सुदैवी.

शेवटाबद्दल आणखी एक. पॅरामाउंटने थिएटरवाल्यांना दोन शेवटांचा पर्याय दिला होता. एकात मृत्यू स्पष्ट, दुसऱ्यात कॅथरीन वाचेल अशी आशा ठेवलेली. तुमच्या प्रतीत घंटा वाजताना फ्रेडरिक तिला उचलून खिडकीकडे नेतो आणि 'शांतता' हा शब्द उच्चारतो, तर तो मृत्यूचाच शेवट.

पारिजात

हेलन हेज आणि कूपर यांच्यात ओढच वाटत नाही, त्याबद्दल कुणी बोलत नाहीये! माझ्या मते खरी निराशा तिथे आहे. 'मोरोक्को'त मार्लीन डीट्रिशसमोर हाच कूपर नुसता उभा राहतो आणि पडदा तापतो. इथे तो विनम्र, समंजस, शाळेतल्या स्काउटसारखा.

ध्वनिपट्टी

@पारिजात, दोघांच्या अभिनयाची जातकुळी वेगळी आहे. हेज ब्रॉडवेवरून आलेली, वाक्याला सुरुवात, मध्य, शेवट देणारी. 'द सिन ऑफ मॅडेलन क्लॉडेट'साठी तिला ऑस्कर मिळालं तेही याच सुमाराला, नोव्हेंबर १९३२ मध्ये. कूपर मूकपटातून आलेला. त्याचं काम डोळ्यांत आणि थांबण्यात. दोघं समोरासमोर बोलतात तेव्हा ती पूर्ण वाक्य टाकते आणि तो अर्धवट परत करतो. काही ठिकाणी हे जमून जातं, काही ठिकाणी ती एकटीच नाटक करतेय असं होतं.

मात्र बोरझेगी आणि लँगने दोघांना जवळ आणायची जी युक्ती केली ती पाहाच. जखमी फ्रेडरिकला स्ट्रेचरवरून मिलानच्या हॉस्पिटलात नेतात तो सबंध भाग त्याच्या डोळ्यांनी दिसतो. कॅमेरा छताकडे तोंड करून सरकतोय. कमानी, घुमट, दिवे वरून जातायत. नर्स आणि शिपाई चौकटीच्या कडेवरून आत वाकून बोलतायत. खोलीत आल्यावर कॅथरीन धावत येते आणि त्याच्यावर, म्हणजे आपल्यावर, वाकते. चेहरा इतका जवळ येतो की शेवटी फक्त एक डोळा, तोही धूसर. १९३२ मध्ये कॅमेरा आवाजबंद पेटीत असायचा, जड असायचा, मायक्रोफोन वरून लोंबत असायचा. वर पाहणाऱ्या कॅमेऱ्याला तो मायक्रोफोन दिसू न देता, छतासकट सेट बांधून हे करणं मोठं काम आहे. एरवी सेटला छत नसतंच, दिवे तिथेच टांगलेले असतात.

उंचीचा फरकही या पलंगाने सोडवला. मिलानचा जवळजवळ सगळा भाग तो आडवा आहे आणि ती वाकलेली किंवा बसलेली. दोघं उभी असलेली दृश्यं मोजकी आहेत आणि नेमकी तीच अवघडलेली.

टेकडीवरून

ओढ नाही म्हणाल तर ग्रेटा गार्बो आणि क्लार्क गेबल यांचा 'सुसन लेनॉक्स' पाहा. एमजीएम, १९३१, दिग्दर्शक रॉबर्ट लिओनर्ड. दोघांचा एकत्र असा हा एकच सिनेमा. ७६ मिनिटांत पळून आलेली मुलगी, डोंगरातली झोपडी, सर्कशीची गाडी, न्यूयॉर्कच्या पुढाऱ्याची रखेल, दक्षिण अमेरिकेतला दारूचा अड्डा, एवढं कोंबलंय. प्रत्येक ठिकाणी गेबल रागावतो आणि निघून जातो. ब्रिटनमध्ये तर नावही बदलून 'द राइज ऑफ हेल्गा' केलं, म्हणजे पतन गेलं आणि उत्थान तेवढं राहिलं. पण पहिली काही मिनिटं मात्र चुकवू नयेत. मुलगी लहानाची मोठी होते ती फक्त भिंतीवरच्या सावल्यांतून. त्याच्याशेजारी 'फेअरवेल' ठेवला तर तो बराच सुसूत्र वाटेल.

पारिजात

गार्बो-गेबलबद्दल सहमत. आणि वर्षभरातच 'रेड डस्ट'मध्ये जीन हार्लोसमोर गेबल काय खुलतो! नट तेच, जोडी बदलली की सगळं बदलतं.

जांभूळवन

अवांतर: तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? मुंबईचं सेन्सॉर मंडळ १९२० पासूनच होतं, १९१८ च्या कायद्याखाली. १९२७-२८ मध्ये रंगाचारियार समितीने चौकशी केली, तिच्यामागे एक मोठी चिंता अशी की पाश्चात्त्य सिनेमातल्या गोऱ्या बायका पाहून हिंदुस्थानी प्रेक्षकांच्या मनातला साहेबाचा दरारा कमी होईल. म्हणजे हॉलिवूडचे हे प्रेमपट इथे नैतिकतेपेक्षा राज्यकर्त्यांच्या अब्रूच्या फूटपट्टीने मोजले जात. आणि १९३३ च्या 'कर्मा'तलं देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन चालून गेलं, हेही याच काळातलं.

सोनचाफा

हेमिंग्वे मराठी वाचकाला भेटला तो प्रामुख्याने पुलंच्या 'एका कोळियाने'मुळे. ती कोरडी, आखूड वाक्यं डोक्यात ठेवून हा सिनेमा लावला की पहिल्या दहा मिनिटांतच खट्टू व्हायला होतं. पुस्तक आणि सिनेमा यांत निदान काही आठवड्यांचं अंतर ठेवावं.

मावळतीचा वारा

@सोनचाफा, अंतर ठेवा हे उत्तम. त्यापेक्षाही क्रम बदला. आधी 'सेव्हन्थ हेवन', मग 'फेअरवेल'. हेमिंग्वेकडून आलात तर प्रत्येक ठिकाणी काहीतरी गेलेलं दिसतं. मूकपटाकडून आलात तर काय आलंय ते दिसतं. माघारीचा काही मिनिटांचा भाग बघा. जवळजवळ संवादच नाहीत. चिखलातले पाय, पाऊस, क्रूस, विमानांच्या सावल्या, एकमेकांत मिसळणारी चित्रं. तो मूकपटच आहे.

टेकडीवरून

क्रम कोणताही ठेवा, त्या माघारीत फ्रेडरिक कशापासून पळतोय ते कळत नाही, हे उरतंच. दृश्य भव्य आहे पण त्याच्या मनात काय तुटलं ते त्यात नाही.

आणि बोरझेगीची श्रद्धा मला मान्य आहे, पण त्याच वर्षीचा 'वन वे पॅसेज' पाहा. टे गार्नेटचा, ६७ मिनिटांचा. हाँगकाँगहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं जहाज, त्याला फाशी होणार आहे, ती आजारातून वाचणार नाही, आणि दोघांनाही एकमेकांचं गुपित कळतं तरी बोलत नाहीत. पेले फोडून दांड्या एकमेकांवर आडव्या ठेवायच्या, एवढाच त्यांचा विधी. तिथे घंटा नाहीत, वाग्नर नाही. प्रेमाची भक्ती तिथेही आहे आणि विल्यम पॉवेल नि के फ्रान्सिस शेवटपर्यंत एका चौकटीत आहेत. तेव्हा काळाला दोष देता येणार नाही. त्या काळात हे करता येत होतं.

कवडसा

मूळ प्रश्नाकडे येतो. ८९ मिनिटांची प्रत, मूळ चौकटीतली, पुन्हा नीट पाहिली. बागेतल्या रात्रीबद्दलचा माझा आक्षेप सौम्य झाला. ती कुमारिका होती हे कळल्यावर फ्रेडरिकचा चेहरा पडतो, त्याचं खेळणं तिथे थांबतं. कादंबरीतली पायरी गाळली असं मी म्हटलं होतं, ती पायरी तिथे आहे, फक्त एका चेहऱ्यावर उरकली आहे. स्ट्रेचरचा भाग आणि पत्रवाचनाचा प्रसंग हे दोन्ही मोठ्या दिग्दर्शकाचे आहेत, यात वादच नाही.

पत्रं आणि शेवट याबद्दल मात्र मत तेच आहे. टेकडीवरून यांचा होडीचा मुद्दा मला सर्वांत पटला. १९५७ च्या आवृत्तीत होडी दोघांची आहे का, यासाठी तरी ती पाहावी का?

निळी शाई

१९५७ ची १५२ मिनिटांची आहे. रॉक हडसन, जेनिफर जोन्स, रंगीत, रुंद पडदा, खरे डोंगर. जॉन ह्यूस्टन मध्येच सोडून गेला आणि चार्ल्स विडोरने पूर्ण केली. माघार विस्ताराने आहे, होडीत दोघं आहेत. व्हित्तोरिओ दे सिका रिनाल्डी झालाय आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. रिनाल्डीसाठी पाहा. जोडीबद्दल मात्र १९३२ वर जे आक्षेप घेतले ते तिथे दुप्पट लागू होतात.

जांभूळवन

एक व्यावहारिक अडचण. पूर्ण म्हणून मिळालेल्या प्रतीला सबटायटल जोडले तर सुरुवातीला बरोबर चालतात आणि पुढे पुढे मागे पडतात. काय करावं?

रीळ क्रमांक सात

कसे मागे पडतात ते आधी पाहा. हळूहळू, समप्रमाणात सरकत असतील, म्हणजे दहाव्या मिनिटाला २४ सेकंद आणि विसाव्याला ४८, तर वेगाचा फरक आहे. संवाद बोलून झाल्यावर अक्षरं येत असतील तर सबटायटलच्या सगळ्या वेळा ०.९६ ने गुणा. अक्षरं आधी येत असतील तर १.०४१७ ने. सबटायटल दुरुस्तीच्या कुठल्याही मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकटींचा वेग २५ वरून २४ किंवा उलट करायची सोय असते, तीही हेच करते.

पण मध्येच एका जागी एकदम अर्धा-एक मिनिट उडी बसत असेल तर ती फाइल ७८ मिनिटांच्या आवृत्तीची आहे. ती गुणाकाराने जुळत नाही. प्रत्येक कापाच्या जागी पुढचे सगळे संवाद हाताने सरकवावे लागतील, आणि कापलेल्या भागातले संवाद तिच्यात नसतीलच. त्यापेक्षा पूर्ण आवृत्तीची फाइल शोधा. उघडून शेवटच्या ओळीची वेळ पाहिली की कळतं. १ तास २० मिनिटांच्या पुढे असेल तर घ्या.

जांभूळवन

शेवटची ओळ १:२७ ला आहे आणि फरक समप्रमाणात वाढतोय. ०.९६ लावून बघते.

रीळ क्रमांक सात

१:२७ असेल तर फाइल पूर्ण ८९ च्या वेगाची आहे. मग पळतेय ती तुमची प्रत. तिची लांबी बघा, ८५ निघेल. ०.९६ बरोबर आहे.

जांभूळवन

८५:२६. बसलं.